पाण्यावर काढलेला गळा

समुद्रापासून परभणीइतकं लांब राहणाऱ्या माणसांनी समुद्रात होडी वल्हवायची म्हणून जी तयारी केली, ती मी आमच्याच बैठकीच्या खोलीत, चहाचे कप नेत-आणत पाहिली आहे. त्यामुळे साहस, थरार, निसर्गाचं आव्हान वगैरे शब्द मला कुणी ऐकवू नयेत.

आमचे हे बँकेतून निवृत्त झाले. निवृत्त माणसानं भाजी आणावी, नातवंडांशी फोनवर बोलावं, फार तर गुडघ्यांसाठी तेल शोधावं. ह्यांना कयाकचं वेड लागलं. कयाक म्हणजे लांब निमुळती प्लास्टिकची होडी. वर बसण्यापुरतं भोक, त्यात पाय लांब करून बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं एकच वल्हं डावी-उजवीकडे मारत राहायचं. या उद्योगाचे म्होरके एक दाताचे डॉक्टर होते. त्यांच्या खुर्चीत तोंड उघडून पडलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, आणि त्यांनी काढलेल्या कयाक मंडळातले बहुतेक सभासद त्याच अवस्थेत भरती झालेले होते. हिवाळ्यात मालवणला जायचं, खऱ्या समुद्रात, खऱ्या लाटांत कयाक चालवायची असा बेत. तोवर सराव जिंतूरच्या पुढं, येलदरी धरणात.

सराव सुरू होण्याआधी संकटाच्या खुणा ठरवायची बैठक झाली. खवळलेल्या पाण्यात होडी उलटली तर मदत कशी मागायची, हा विषय. विषय चांगला होता, मी नाही म्हणत नाही. पण ती बैठक म्हणजे मुलीकडच्यांनी मांडवाचा रंग ठरवावा तशी चालली. डॉक्टर मोबाईलवर कुठल्या तरी गोऱ्या माणसाचा व्हिडिओ दाखवत होते. तो माणूस करड्या समुद्रात शांतपणे तरंगत एकेक वस्तू हातात धरून समजावत होता. शिट्टी, तीनदा फुंकायची. नारिंगी कापड, डोक्यावर फडकवायचं. नारिंगी धूर सोडणारी नळकांडी, दिवसासाठी. आकाशात लाल उजेड फेकणारे बाण, रात्रीसाठी. आरसा, उन्हासाठी.

"हे सगळं परभणीत मिळतं का?" मी विचारलं.

"सगळं मिळतं," डॉक्टर म्हणाले. "बघाच तुम्ही, वहिनी."

आणि खरंच मिळालं. शिट्ट्या खेळाच्या सामानाच्या दुकानातून आल्या. नारिंगी कापड म्हणून जे आलं ते पूजेच्या साहित्याच्या दुकानातलं भगवं पताकेचं कापड होतं. धुराची नळकांडी लग्नाचे फोटो काढणारे जिथून सामान घेतात तिथून आली. लाल उजेडाचे खरे बाण कुठंच मिळाले नाहीत, म्हणून मागच्या दिवाळीचे उरलेले अग्निबाण प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घेतले आणि ते लावायला सरबताची रिकामी बाटली आणि लायटर. आरशासाठी एकानं मोटारसायकलचा फुटका आरसा आणला. सगळं टेबलावर मांडून फोटो निघाला, तो ग्रुपवर गेला आणि त्यावर भराभर अंगठे पडले.

मी तेव्हाच एक प्रश्न विचारला होता. हे सगळं बघणारा माणूस कोण, असा. त्या गोऱ्या माणसाच्या समुद्रावर ही खूण ओळखणारं कुणी तरी असेल. येलदरीच्या काठाला काय, सोयाबीन कापणारी माणसं.

"धूर दिसला की माणूस पळत येतोच," हे म्हणाले. "तू उगं फाटे फोडायलीस."

मी शाळेत जीवशास्त्र शिकवलं. वर्गात कुणी तरी खिडकीबाहेर बघत असतं, फळ्यावर लिहिलेलं त्याच्यापर्यंत पोचत नाही, आणि त्यात खडूचा दोष नसतो, एवढं मला कळतं. पण या घरात माझं कोण ऐकणार. मी कप उचलले आणि आत गेले.

आता गळ्याविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

माझं माहेर गंगाखेडचं. गोदावरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेली मी. माझी एक आत्या गळा काढण्यात नावाजलेली होती. नात्यात कुठं मयत झालं, पोखर्णीला म्हणा, पेडगावला म्हणा, की बायकांचा जथा एसटीनं निघायचा आणि आत्या सगळ्यांच्या पुढं. गाडीत मस्त गप्पा चालायच्या. कुणाच्या सुनेनं काय केलं, कुणाच्या पोह्यात मीठ कमी. फाट्यावर उतरल्यावरही पान जमवणं, चपला झटकणं सगळं निवांत. गावातलं पहिलं घर आलं की आत्या पदर तोंडावर ओढायची आणि गळा काढायची. आधी नुसता आवाज, शब्द नसलेला, लांबच लांब. मग मेलेल्याला नात्यानं हाक. मग त्याचे गुण, एकेक मोजून. तो आवाज ऐकला की मयताच्या घरातल्या बायका आतून तसाच उलट गळा काढायच्या, आणि वाटेतलं माणूस हातातलं काम टाकून यायचं. कुणाचं मयत, आपल्या नात्यातलं की नाही, हे नंतर. आधी यायचं.

मला त्याची लाज वाटायची, आणि लाजेपेक्षा जास्त राग यायचा. आत्ता पोह्यातल्या मिठावर बोलत होतीस आणि आत्ता तुझं काळीज फाटलं? हे ढोंग मी कधी करणार नाही असं मी ठरवलं, शिकले, नोकरी केली, परभणीत शिक्षक कॉलनीत राहिले. आमच्या कॉलनीत लोक रुमालात रडतात. माझे वडील गेले तेव्हा मीही रुमालातच रडले. आत्यानं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "बापासाठी बी तोंड उघडंना का गं तुजं?"

तर सरावाचा दिवस नवरात्रात आला. धरण तुडुंब होतं, शिवारात सोयाबीनची काढणी जोरात होती आणि आभाळ भरून येत होतं. दोघांच्या कयाकमध्ये ह्यांच्या पुढं बसणारे गृहस्थ ऐनवेळी गळाले. घरात घट बसलेत, पाण्यावर जायचं नाही, असं त्यांच्या बायकोनं सांगितलं. शहाणी बाई. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"तुला तर पोहता येतंय," हे म्हणाले.

मी गेले. का गेले ते सांगते. मागच्या वर्षी ह्यांच्या हृदयात स्टेंट बसवलेला. पुढच्या जागेवर मंडळातलं दुसरं कुणी बसलं असतं आणि ह्यांना काही झालं असतं, तर त्या माणसानं आधी कुठली खूण वापरायची यावर चर्चा केली असती. मला ह्यांच्यावर विश्वास नव्हता, मंडळावर तर नव्हताच, म्हणून मी लाईफ जॅकेट चढवलं आणि त्या भोकात पाय घातले. ह्यांचं जॅकेट पोटावर मिटत नव्हतं. "समुद्रावर जाईस्तोवर पोट कमी होतंय," असं म्हणत ह्यांनी ते उघडंच ठेवलं, बंडीसारखं.

मंडळाच्या बाकीच्या दोन कयाक काठाकाठानं फिरून टेकाडापलीकडच्या झाडाखाली परतल्या. तिथं उपवासाचे साबुदाणावडे होते. आम्ही मात्र आत गेलो, कारण ह्यांना समुद्राचा अनुभव घ्यायचा होता. समुद्रानं ह्यांना फार वाट पाहायला लावली नाही. आभाळ एका बाजूनं काळं झालं, वारा उठला आणि एवढ्या मोठ्या पाण्यावर तो मोकाट सुटला. धरणात लाटा येत नाहीत असं ज्यांना वाटतं त्यांनी तेव्हा तिथं यायला हवं होतं. लाटा आखूड होत्या, एकामागे एक, आणि सगळ्या आडव्या. हे मागून ओरडत होते, "डावीकडं मार, डावीकडं!" आणि स्वतः वल्हं सोडून गळ्यातल्या पिशवीतला फोन चाळत होते.

"काय करायलाव तुमी?" मी ओरडले.

"ग्रुपवर टाकायलोय! रेंज हाय एक काडी!"

मेसेज गेला. आम्ही उलटलो. हे दोन्ही एकाच वेळी झालं असं हे सांगतात. माझ्या मते मेसेज पाठवल्यामुळेच आम्ही उलटलो.

पाण्यातून वर आले तेव्हा कयाकचं पोट वर होतं आणि हे तिच्या पलीकडं खोकत होते. जॅकेट निसटून लांब तरंगत चाललं होतं. मी ह्यांना हाताला धरून कयाकला लावलं. कयाक सरळ केली तर ती पाण्यानं भरलेली, पुन्हा कलंडली. ह्यांना वर चढवायचा प्रयत्न केला, पण त्या शरीराला वर घ्यायला गडी लागले असते. माझं जॅकेट काढून ह्यांना घालू पाहिलं, तेही मिटेना. शेवटी त्याच्या एका बगलेच्या भोकात हात घालून ते ह्यांच्या काखेत कोंबलं. मी पोहून काठ गाठला असता. शिवार दिसत होतं, माणसं दिसत होती, साड्यांचे रंगसुद्धा ओळखू येत होते. पण मी गेल्यावर हे किती वेळ धरून राहतील, हे मला ह्यांच्या तोंडावर दिसत होतं. ओठ काळसर झाले होते.

"खुणा," हे म्हणाले. "दोरीखाली हायत सगळ्या."

हो, होत्या. कयाकच्या पाठीवरच्या दोरीखाली पिशवी नीट अडकवलेली होती, हे मी मान्य करते. आयुष्यात एक काम ह्यांनी व्यवस्थित केलं होतं.

मी शिट्टी फुंकली. तीनदा, मग पुन्हा तीनदा. वारा काठाकडं जात होता, त्यामुळं आवाज पोचला. काठावरून एका माणसानं तोंडात बोटं घालून तशीच शिट्टी उलट मारली आणि कामाला लागला.

मग मी कयाकवर पालथी पडून भगवं कापड फडकवलं. एक म्हातारी बांधावर उभी राहिली. तिनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि मी म्हटलं, झालं, कळलं हिला. म्हातारीनं हात जोडले. कपाळाला लावले, वाकली आणि खाली बसून कापायला लागली. नवरात्रात पोरं देवीची ज्योत घेऊन पताका नाचवत जात असतात. या वर्षी ज्योत पाण्यावरून आली असेल असं तिला वाटलं.

ह्यांचा हात एकदा सुटला. मी मनगट धरलं. "धुराचं कर," हे म्हणाले. आवाज बसला होता.

नळकांडीची कडी ओढली तसा धूर छान निघाला. त्या धुराबद्दल माझी तक्रार नाही. नारिंगी, दाट, पाण्यावरून लोळत काठाकडं गेला. आणि काठावर खरंच हालचाल झाली. दोघंतिघं पुढं आली, पाण्यापर्यंत आली, आणि त्यांनी मोबाईल वर धरले. लग्न ठरलेली जोडपी याच धरणावर येऊन असलाच रंगीत धूर सोडून फोटो काढतात. शिवारातल्या माणसांनी असली जोडपी पुष्कळ पाहिली होती, पण होडीवर आडवी पडलेली नवरी पहिल्यांदाच. धूर संपला तशी ती माणसं परत गेली.

आणखी एक गोष्ट मला नंतर कळली, ती इथंच सांगून टाकते, नाही तर माझा जीव जाईल. टेकाडापलीकडं साबुदाणावडे खाणाऱ्या आमच्या मंडळालाही तो धूर दिसला होता. दुपारच्या कार्यक्रमात "खुणांची चाचणी" असं कलम होतं. डॉक्टर म्हणाले, "बघा, चाचणी सुरू केली. काय रंग आलाय!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि ह्यांच्या "वारा वाढला, संकटात आहोत" या मेसेजवर ग्रुपवर जे आलं ते मी दुसऱ्या दिवशी वाचलं. चार अंगठे, एक देवीचं चित्र आणि "अप्रतिम अनुभव, शुभेच्छा".

अग्निबाण पिशवीत भिजले होते. लायटर झटकून झटकून एकच पेटला. तो बाटलीतून तिरका सुटला आणि पाण्यावरून जाऊन काठाजवळ फुटला. काठावर कुणी मान वर केली नाही. रानडुकरं हाकलायला त्या शिवारात फटाके सारखे वाजतात. आरसा मी काढलाच नाही. ऊन नव्हतं.

मग मी नुसती ओरडले. वाचवा, वाचवा. हा शब्द मी त्याआधी कधी उच्चारला नव्हता, आणि तोंडातून निघाल्यावर मलाच तो खोटा वाटला. काठावर कुणी तरी हसलं. पाऊस येणार होता, कापलेलं सोयाबीन उघडं पडलेलं होतं, आणि बायका ते ढिगाला ओढत होत्या. गंमत करणाऱ्या शहरी माणसांकडं बघायला त्यांना सवड नव्हती. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

ह्यांनी डोळे मिटले.

"डोळे उघडा," मी म्हटलं. "अहो. डोळे उघडा म्हणते ना."

ह्यांची बोटं कयाकच्या कडेवरून एकेक सुटत होती, आणि माझ्या हातातही जोर उरला नव्हता. मला भीती वाटली. आजवरच्या आयुष्यात वाटली नव्हती एवढी भीती वाटली. हा माणूस जाणार, माझ्या हातातून, माणसं दिसत असताना जाणार, आणि मी एकटीच परत जाणार.

त्यानंतर जे झालं ते मी ठरवून केलं नाही. माझ्या तोंडातून आवाज निघाला. शब्द नसलेला, लांबच लांब, पोटातून. माझा आवाज तसा आहे हे मला माहीतच नव्हतं. तो आत्याचा आवाज होता.

"आवो माजे धनी वोऽऽ... मला टाकून कुठं चाललाव वोऽऽ..."

शिक्षक कॉलनी, जीवशास्त्र, रुमाल, सगळं त्या पाण्यात गेलं. हाक मारून झाली की गुण मोजायचे असतात. आणि मी सांगते, तशाही वेळी मला प्रश्न पडला की ह्यांचे गुण आणायचे कुठून. पण गळा थांबत नसतो. तो आपोआप पुढचं ओढून आणतो.

"आवो माज्या बापाला पाठीवर घेऊन दवाखान्याची पायरी चढलाव वोऽऽ... करपलेली भाकर गुमान खाल्लाव वोऽऽ... माजं आपरेशन झालं तवा माजी येणी घातलाव वोऽऽ... आता माजी येणी कोन घालंल वोऽऽ..."

वेणीचं मी विसरले होते. निदान विसरले असं मला वाटत होतं. पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा हात वर नेता येत नव्हते, तर हा माणूस बँकेत जायच्या आधी रोज मागं बसायचा आणि वेणी घालायचा. वेणी डावीकडं जायची, बटा सुटायच्या. मी तेव्हा म्हटलं होतं, गाढवाची शेपटी बरी. दुसऱ्या दिवशी हे पुन्हा कंगवा घेऊन बसले होते.

काठावर सगळं थांबलं. ते मी डोळ्यांनी पाहिलं. विळे थांबले, ढिगावर ओढायला घेतलेली ताडपत्री अर्ध्यात सुटली. मग त्या बायकांतून एकीनं पदर डोक्यावर घेतला आणि उलट गळा काढला. मग दुसरीनं. कुणाचं मयत हे त्यांना माहीत नव्हतं. त्या रडत पाण्याकडं धावत येत होत्या, आणि त्यांच्या मागून गडी धावत होते, एकमेकांना हाका मारत. मासेमारीची एक होडी काठावर उलटी टाकलेली होती. ती त्यांनी उचलून पाण्यात घातली.

मी मोजतच राहिले. थांबले तर ती माणसं परत जातील अशी भीती होती. काय काय मोजलं ते सगळं इथं लिहिणार नाही.

दोघं गडी होडी घेऊन आले. पुढच्या माणसानं डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला होता.

"मयत कुठाय, मावशी?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

"हे काय," मी म्हटलं.

मयतानं डोळे उघडले. "जिता हाय मी," हे म्हणाले. "वर घ्या की."

तो माणूस एकदम मागं सरला, होडी कलली, आणि आम्ही चौघं बुडता बुडता राहिलो. मग मात्र त्या दोघांनी ह्यांना काखेत हात घालून असं उचललं की बघत राहावं. पावसाचे थेंब तेव्हा सुरू झाले.

काठावर बाज तयार होती. आखाड्यावरून, म्हणजे शेतातल्या गुरांच्या गोठ्यावरून आणलेली, मयत ठेवायला. हे तिच्यावर पडले आणि पोटातलं पाणी ओकले. चारीकडून बायका बसल्या होत्या, रडून रडून डोळे लाल, आणि मयत ओकताना बघून त्यांना हसावं की काय करावं कळेना. भगव्या कापडाला हात जोडणारी ती म्हातारी माझ्याजवळ आली. तिनं माझे दोन्ही हात धरले, माझ्या बांगड्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे ह्या. हाय त्यो." मग ह्यांच्याकडं बघून म्हणाली, "जित्या मान्साचा गळा निघाला. आता त्यो लय जगतोय."

मला रडू आलं. आता खरं, रुमालाशिवाय. तिनं मला छातीशी धरलं आणि तिच्या खांद्यावरून मला तो सोयाबीनचा ढीग दिसला, अर्ध्या ताडपत्रीखाली, भिजत असलेला. त्याचं कुणी एका शब्दानं बोललं नाही. फोटो काढणाऱ्यांतल्या एकानं तेवढं विचारलं, "मग त्यो धूर कशाला केल्ताव?"

टेकाडाला वळसा घालून आमचं मंडळ आलं तेव्हा हे चहा पीत होते. डॉक्टर म्हणाले, "वहिनी, चाचणी जोरदार झाली!" मी त्यांना काय म्हणाले ते लिहिण्यासारखं नाही. दातांवर बोलले एवढंच सांगते.

थोड्याच दिवसांत पुन्हा बैठक भरली, पुन्हा आमच्याच खोलीत. काय चुकलं याचा आढावा. म्हणजे कुठल्या कंपनीचं काय मागवायचं याची चर्चा. मुंबईहून खरे बाण मागवावेत, शिट्टी जास्त कर्कश असावी, कापड भगवं न घेता गुलाबी घ्यावं. एकानं तर ढोल सुचवला. मालवण रद्द करावं असं एकाच्याही तोंडातून निघालं नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होते. मग डॉक्टरांनी ह्यांना थेट विचारलं, "पण शेवटी लोक आले कशामुळं? कुठली खूण लागू पडली?"

ह्यांनी कप बशीत ठेवला.

"शिट्टी," हे म्हणाले.

डॉक्टरांनी सगळ्यांकडं असं पाहिलं जसं काही ती शिट्टी त्यांनीच घडवली होती. ठराव झाला. प्रत्येकाला दोन शिट्ट्या.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घसा फाडला मी, सोयाबीन भिजलं त्या बायकांचं, आणि नाव शिट्टीचं? सगळे गेल्यावर मी कप उचलायला बाहेर आले आणि म्हटलं, "लाज वाटली का, बायकोनं गळा काढला म्हणून वाचलो हे सांगायची? बँकेतल्या साहेबाला शोभत नसंल."

हे बशीकडं बघत होते. "लाज कशाची."

"मग खोटं का बोललाव?"

"गळा काढली असं सांगितलं असतं, तर काय म्हणली ते विचारले असते सगळे." ह्यांनी बशी पुढं सरकवली. "ते मला कुणाला सांगायचं न्हाई."

मी कप घेऊन आत गेले आणि नळ सोडून उगीच उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी मी केस धुतले. हात माझे चांगले वर जातात आता. तरी मी कंगवा नेऊन ह्यांच्या पेपरावर टाकला आणि पाठ करून खाली बसले.

"वाकडी घातलाव तर बघा," मी म्हटलं.